एका ओळीची दुरुस्ती

सकाळी लॅपटॉप उघडला तर नवा इश्यू, म्हणजे वापरणाऱ्याने नोंदवलेली तक्रार, येऊन पडलेला. मी सांभाळतो ती पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड; लॉग फाइलमधल्या, म्हणजे यंत्राच्या नोंदींमधल्या, तारखा-वेळा वाचून देणारी. नवी आवृत्ती टाकल्यापासून प्रोग्रॅम सुरूच होत नाही, असं एका प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी लिहिलं होतं. सोबत सिंटॅक्स एरर, म्हणजे ओळीची रचनाच कळली नाही ही तक्रार, आणि खाली तो बारका बाण कोलनवर टेकलेला. त्या ओळीत मी ':=' हे चिन्ह वापरलं होतं. ते पायथन 3.8 पासून आलं, म्हणजे यांच्याकडे त्याआधीचं पायथन. विचारलं, तर 3.6.

3.6 ची मुदत डिसेंबर 2021 मध्येच संपली. त्यानंतर खुद्द पायथनची मंडळीही तिच्यातल्या सुरक्षेच्या चुका दुरुस्त करत नाहीत. माझ्या पॅकेजवर '3.8 किंवा पुढची' अशी अट आहे, त्यामुळे पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, अडवलंच असतं. पण यांच्या संगणकावर इंटरनेट नाही. त्यांनी फोल्डर पेनड्राइव्हवरून थेट कॉपी केला होता. त्या संगणकाला जोडलेलं यंत्र चालवणारा ड्रायव्हर 3.6 वरच चालतो आणि नवा ड्रायव्हर मिळत नाही. यात त्यांचा आळस कुठेच नव्हता, आणि म्हणूनच 3.6 वर चालेल अशी दुरुस्ती द्या या त्यांच्या मागणीला नकार देणं मला जड जात होतं.

जुनी आवृत्ती वापरा म्हणावं, तर तिच्यात बग. यंत्राच्या लॉगमध्ये महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतं. ते अंदाजाने लावावं लागतं. जानेवारीत डिसेंबरचा लॉग वाचला की जुनी आवृत्ती चालू वर्ष चिकटवून मोकळी. "नव्यातली दुरुस्ती एकच ओळ आहे, ती जुन्यात घालून रिलीज काढा ना," असं त्यांचं म्हणणं.

दुपारपर्यंत मी ते करून पाहिलं. चाचण्यांच्या सर्व्हरवर उबंटू 22.04 ही ऑपरेटिंग सिस्टिम, तिथे 3.6 मिळेचना. डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, उभं केलं, तर चाचण्या चालवणारं पायटेस्टही 7.0 च्या पुढचं चालेना. आणि त्या एका ओळीतून जे फंक्शन वापरलंय ते जुन्या शाखेत, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या कोडमध्ये, नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी असाच विरघळलो होतो. घाईत जुन्या शाखेतून रिलीज काढली आणि ज्यांनी काही मागितलंच नव्हतं त्यांचे प्रोग्रॅम बंद पडले. त्यांचे संदेश मला अजून आठवतात.

मी लिहिलं: "3.6 साठी रिलीज काढणार नाही. जी आवृत्ती मला रोज तपासता येत नाही, तिच्यावर माझं नाव लावणं तुमच्याशीच अप्रामाणिकपणाचं होईल. पण फोर्क करा, म्हणजे तुमची वेगळी प्रत काढा, कुठल्या दोन फाइल बदलायच्या ते सांगतो."

संध्याकाळी त्यांनी बदल पाठवला. मी ओळ न् ओळ वाचला. 29 फेब्रुवारीला मागचं वर्ष लावताना तो कोसळत होता, कारण त्या वर्षी ती तारीखच नसते; ते दाखवलं. शेवटी एकच आग्रह धरला: आवृत्तीच्या आकड्यानंतर अधिकचिन्ह देऊन तुमच्या प्रयोगशाळेची खूण लावा, म्हणजे उद्या तिथे बसणाऱ्याला ही प्रत माझी वाटणार नाही.

त्यांनी ती लावली. मग मी इश्यू बंद केला.