सॅक्रामेंटो ते शायेन, अमेरिकेच्या आय-८० महामार्गावर: सीबीचा आवाज कुठे अडकला होता

रिनो मागे पडल्यावर पहिल्यांदा शंका आली. पुढच्या ट्रेलरच्या मागच्या टायरची पट्टी सुटून फडफडत होती. सीबीवर, म्हणजे ट्रकवाले आपसात बोलतात त्या रेडिओवर, चॅनल १९ ला त्या ड्रायव्हरला दोनदा सांगितलं. तो जेमतेम अर्ध्या मैलावर होता, तरी उत्तर नाही. शेवटी शेजारून जाताना हॉर्न आणि हाताने खुणा करून त्याला थांबवलं. जवळच्या ट्रकवाल्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, त्यामुळे गेले काही आठवडे मी रेडिओ ठीकच आहे असं धरून चाललो होतो. बिघडलेल्या अँटेनावरही जवळचे लोक ऐकू येतात. आपला आवाज बाहेर किती जातो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. निघण्यापूर्वी एकदा ‘रेडिओ चेक’ मागा आणि उत्तर देणारा कुठल्या माइल मार्करवर (रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीवर) आहे तेही विचारा.

विनेमुकाला ट्रक स्टॉपच्या कडेला, इतर गाड्यांपासून लांब ट्रक लावला आणि एसडब्ल्यूआर मीटर काढला. सीबीला कायद्याने एएमवर फक्त ४ वॉट मिळतात. त्यातला किती भाग अँटेनातून बाहेर न जाता रेडिओकडे परत येतो, ते हा मीटर सांगतो. आकडा १.५ असेल तर साधारण ४ टक्के परत येतात, ३ असेल तर २५ टक्के, आणि आकडा त्याच्या वर असताना माइक दाबून धरला तर रेडिओलाच इजा होऊ शकते. माझ्याकडे चॅनल १, २० आणि ४० या तिन्हींवर काटा ३ च्या पलीकडे गेला.

तिन्हीकडे सारखाच वाईट आकडा आला, तर अँटेना कमीजास्त लांब करण्यात वेळ घालवू नका. दोष बहुधा केबलमध्ये, शॉर्टमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो. केबल दोन्ही टोकांना सोडून मल्टीमीटर लावला. केबलची मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यात शॉर्ट नव्हता, तारही सलग होती. मग मल्टीमीटरचं एक टोक अँटेना बसवलेल्या आरशाच्या ब्रॅकेटवर आणि दुसरं चॅसीच्या उघड्या लोखंडावर ठेवलं. तिथे शून्याच्या जवळ ओहम यायला हवेत. माझ्याकडे जोडच नव्हता.

कारण लगेच लक्षात आलं. उन्हाळ्यात आरसा बदलून घेतला होता आणि नवा ब्रॅकेट जाड काळ्या रंगाचा होता. त्या रंगामुळे अँटेनाचं माउंट, म्हणजे बैठक, आणि गाडीचं लोखंड यांचा विजेचा जोड तुटला होता. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची, म्हणजे पाव लहर पावणेतीन मीटर. आपली अँटेनाची फायबरग्लासची चार फुटी काडी आत गुंडाळलेल्या तारेच्या जोरावर तेवढी लांबी भरून काढते, पण अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचं लोखंड. तेच जोडलेलं नसेल तर काडी कितीही महागाची असो, काम करणार नाही. बॉनेट फायबरचं असलेल्या ट्रकमध्ये ही अडचण फार येते.

पॉलिश पेपरने ब्रॅकेटचा रंग नटाखाली आणि दाराच्या बोल्टपाशी खरवडला, दातेरी वॉशर घातला, आणि बिजागरीवर भरवसा न ठेवता दारापासून केबिनच्या लोखंडापर्यंत विणलेली तांब्याची पट्टी टाकली. नायलॉनचा वॉशर मात्र जिथे होता तिथेच परत बसवा. तो चुकला तर अँटेनाचा मधला स्टड (बोल्ट) ब्रॅकेटला टेकतो आणि पूर्ण शॉर्ट होतो.

आता चॅनल १ वर १.६ आणि ४० वर २.२. चाळीसवर जास्त म्हणजे काडी लांब, एकवर जास्त म्हणजे आखूड. टोकाचा स्क्रू अर्धा-अर्धा आटा आत घेत १.४ पर्यंत आणलं. दर वेळी दारं बंद ठेवा आणि काडीजवळ कोणी उभं राहू देऊ नका, नाहीतर आकडा खोटा येतो. दोन्ही आरशांवर काड्या असतील तर दोन्ही सारख्याच फिरवा.

वेंडोव्हरच्या पुढे मिठाच्या सपाट मैदानात समोरून येणाऱ्याने चार मैलांवरून उत्तर दिलं. खरं मोल कळलं ते वायोमिंगमध्ये. रॉलिन्स आणि लॅरामीच्या मधे, एल्क माउंटनपाशी वारा असा येतो की रिकामा ट्रेलर आडवा होतो. तिथे पुढून कोणीतरी ओरडून सांगितलं, उजव्या लेनमध्ये गाडी पडली आहे. मी वेग उतरवला आणि तोच निरोप मागच्यांना दिला. दोघांनी ‘मिळालं’ म्हणून कळवलं. अशा वाऱ्यात ट्रेलर रिकामा असेल तर रॉलिन्सलाच रस्त्याची स्थिती पाहा, बंद असेल तर तिथेच थांबा. पुढे ८,६४० फुटांच्या शर्मन समिटपर्यंत वारा कमी होईल असं धरू नका.

शायेनला माल उतरवल्यावर पुन्हा मोजलं, १.४ च होतं. पण वाऱ्यात हलून माउंटचा नट पाव आटा सैल झाला होता. आता डिझेल भरताना दर वेळी त्याला पाना लावून बघतो.