तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रिणी असताना पैसे देऊन कशाला बोलायचं?

एन्झायटीसाठी मी थेरपी घेतली हे लपवत नाही, त्यामुळे हा प्रश्न मला हळदीकुंकवापासून ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलापर्यंत कुठेही गाठतो. "नुसतं बोलायचंच होतं, तर आम्ही होतो की!" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं (बहुतेकींच्या). ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, म्हणजे आमच्या डोंबिवली-ठाण्याकडे समुपदेशन काही कालपरवा आलेलं नाही. तरी प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे.

तर, मैत्रिणींशी मी भरपूर बोलले होते. सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा. तेव्हा फास्ट गाड्या ठाण्याआधीच्या पारसिकच्या लांब बोगद्यातून जायच्या. आत गाडी जरा रेंगाळली की माझ्या छातीत धडधड सुरू, हाताला मुंग्या, घशात आवंढा, आणि आता आपण इथेच कोसळणार याची शंभर टक्के खात्री. मग शेजारणीचा हात धरून, "मला काही होणार नाही ना गं?" ती म्हणायची, "काही नाही होत, पाणी पी." बरं वाटायचं. ठाणं येईपर्यंत. सावकाराकडून उसना आणलेला पैसा असतो तसा तो धीर होता: आजची वेळ निभावायची, उद्या व्याजासकट जास्त लागायचा. हळूहळू मी हाच प्रश्न बहिणीला, नवऱ्याला, डॉक्टरांना, रात्री गूगललासुद्धा विचारायला लागले.

तपासण्या सगळ्या झाल्या. ईसीजी, टूडी इको, हिमोग्लोबिन, थायरॉईड. त्या करायलाच हव्यात, कारण थायरॉईड हार्मोनचं प्रमाण वाढलं तरी अशीच धडधड होते. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही" हे वाक्य ऐकून आनंद व्हायला हवा. मला तर रडू आलं. काही नाही, मग हे रोज काय होतंय? शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सायकिॲट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी एक गोळी सुरू केली आणि थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची चिठ्ठी दिली.

या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बालपण वगैरे फारसं काढलं नाही. त्यांनी विचारलं, "कोसळू नये म्हणून तुम्ही काय काय करता?" मी सांगत गेले आणि यादी वाढतच गेली. पर्समध्ये पाण्याची बाटली, इलेक्ट्रालचं पाकीट. दाराजवळचीच जागा. फोनवर नवऱ्याचा नंबर उघडा. शक्यतो स्लो लोकल, म्हणजे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, कुठेही उतरता येतं. उशीर झाला तरी चालेल. हे सगळं मी शहाणपणाने करते आहे अशी माझी समजूत होती.

त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं. धडधड होते, तिचा अर्थ आपण लावतो, "हार्ट ॲटॅक", त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने धडधड वाढते. पॅनिकची, म्हणजे अशा अचानक उसळणाऱ्या भीतीची, ही मांडणी डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली केली. वर्तुळाला बाहेरून टेकू देतात त्या माझ्या बाटल्या आणि पाकिटं. मी कोसळले नाही, याचं श्रेय रोज बाटलीला जायचं. बाटलीशिवायही कोसळले नसते, हे कळायची संधीच मी स्वतःला देत नव्हते.

एका सेशनमध्ये त्यांनी मला खुर्चीत बसवून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. (हे घरी आपलं आपण करून बघू नका, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मुळीच नाही.) चक्कर, मुंग्या, छातीत दडपण, अगदी हुबेहूब तेच! भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायॉक्साईड कमी होतो आणि त्यातून हे सगळं होतं. ज्याला मी आजार म्हणत होते तो मिनिटभरात हुकमी आणता येतो, आणि पंख्याखाली स्वस्थ बसलं की जातो. मला हसू आलं. शिवाय त्यांनी सांगितलं की माणूस बेशुद्ध पडतो तो सहसा रक्तदाब एकदम उतरल्यावर. घाबरल्यावर तो उलट चढतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणारे लोक हा यातला अपवाद.

मग गृहपाठ. खरी थेरपी ती. वहीत तीन रकाने: काय होईल असं वाटतं, किती टक्के खात्री आहे, प्रत्यक्षात काय झालं. सोप्यापासून सुरुवात: आधी पाकीट घरी, मग बाटली घरी, मग दारापासून आत, मग फास्ट. भीती आली की येऊ द्यायची. ती सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोचते आणि उतरायला लागते, पण हे वाचून पटत नाही, डब्यात उभं राहूनच पटतं. "मला काही होणार नाही ना?" या प्रश्नावर मॅडम म्हणायच्या, "तुम्हाला काय वाटतं? वहीत लिहा." इतका राग यायचा! कुठलीही मैत्रीण असं करणार नाही. ती माझ्यावर माया करते, म्हणून ती धीर देणारच. पैसे मी दिले ते धीर न देण्याचे.

प्राणायामाबद्दलही हमखास विचारतात. जरूर करा, मी करते. पण बोगद्यात शिरल्याबरोबर जीव वाचवायला अनुलोम-विलोम सुरू केलं, तर तीही दुसरी बाटलीच. आणि "पॉझिटिव्ह विचार करा"चे सुप्रभात मेसेज मला पाठवू नका, कृपा करा.

गोळ्यांनी मला मदत झाली. आधाराला थोडं बळ आलं, म्हणून गृहपाठ जमला. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्या मनानेच बंद करायच्या नसतात. पटकन झोप आणणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते. त्या केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. थेरपीने काय जात नाही तेही सांगते: घराचे हप्ते, सासऱ्यांचं डायलिसिस, मुलाची दहावी. त्या काळज्या खऱ्या आहेत, त्या तशाच राहिल्या. धडधडही अधूनमधून येते. फरक एवढाच की तिच्यामुळे मी गाडी बदलत नाही.

कुणाकडे जायचं? सायकिॲट्रिस्ट हे डॉक्टर, गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असते, ती बिनधास्त विचारा. खासगी फी झेपत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते. टेली-मानस ही सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, १४४१६ वर, मोफत, दिवसरात्र, मराठीतही. पहिल्याच भेटीत एक विचारून घ्या: "दोन भेटींच्या मध्ये माझ्याकडून काय करून घेणार?" एका ठिकाणी मला यावर "नोकरी सोडून बघा" असा सल्ला मिळाला होता. तिथे मी परत गेले नाही.