तुम्ही विचारलंत म्हणून: जपात मन का लागत नाही?

"माळ हातात असते, ओठ हलत असतात, पण डोक्यात आठ-बाराची लोकल. या धावपळीत देवाकडे पूर्ण लक्ष द्यायचं कसं?" हा प्रश्न नेहमी येतो आणि विचारणाऱ्याला आपली श्रद्धाच कमी पडतेय असं वाटत असतं. श्रद्धेला कशाला बोल लावायचा? आधी जागा आणि वेळ तपासा.

मुंबईच्या वन रूम किचनमध्ये देव्हारा बहुधा ओट्याजवळच असतो. पुढे देव, पाठीमागे कुकर. तिसरी शिट्टी झाली की चौथीकडे कान लागणारच. तेव्हा पूजा देव्हाऱ्यापुढे करा आणि जपाला खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, अगदी पलंगाच्या कडेवर बसा. गॅस बंद करूनच बसा, 'मंद ठेवलाय' हे चालत नाही. नळाला पाणी यायची वेळ, दूधवाला, शाळेची बस, या तिन्ही वेळा टाळा. आणखी एक खास मुंबईची पंचाईत: पंखा लावला तर निरांजन विझतं, बंद ठेवला तर घामाच्या धारा. काचेची चिमणी असलेला दिवा घ्या आणि खुशाल पंखा लावा.

फोन सायलेंटवर ठेवून भागत नाही, तो थरथरला तरी नजर जातेच. बंद करून कपाटात ठेवा. मग वेळ कसा कळणार? माळ हेच घड्याळ. 'श्रीराम जय राम जय जय राम' ही तेरा अक्षरं नीट म्हणायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे 108 मण्यांची माळ साधारण साडेपाच ते सात मिनिटांत होते. तुमची दोन मिनिटांत होत असेल तर अक्षरं गिळली जाताहेत, आणि जीभ अशी आपोआप पळायला लागली की मन मोकळं सुटतं. अकरा माळांचा नेम अशा घाईत उरकण्यापेक्षा एकच माळ सावकाश करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

माळ घेताना दोन मण्यांमध्ये गाठ आहे ना, ते बघा. गाठ नसेल तर एका वेळी दोन मणी सरकतात आणि लक्ष हिशेबात अडकतं. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लांब. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. गोमुखी, म्हणजे माळ धरलेला हात झाकणारी कापडी पिशवी, वापरा. माळ दुसऱ्यांना दिसू नये हा तिचा मूळ हेतू, पण तुमच्यासाठी फायदा वेगळा आहे: किती मणी उरलेत ते तुम्हालाही दिसत नाही.

सुरुवातीला ओठ हलवत, स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात जप करा. याला उपांशु जप म्हणतात. मानसजप श्रेष्ठ मानला आहे खरा, पण दमलेल्या माणसाने एकदम तो धरला की पाच मिनिटांत डुलकी. उच्चार आणि ऐकणं, दोन्ही चालू असलं की मनाला दोन खुंट्या मिळतात.

तरीही मन जाणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात सव्विसाव्या श्लोकात हेच गृहीत धरलंय: चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून परत आणा. परत आणणं हाच अभ्यास. गेलं हे ज्या मण्यावर कळलं, त्याच मण्यावर नाम पुन्हा घ्या आणि पुढे चला. माळ पहिल्यापासून सुरू करायला काहीजण सांगतात, मला ते पटत नाही. त्यात चिडचिड वाढते आणि लक्ष मोजणीवर जातं. रोज तीच ऑफिसची कामं आडवी येत असतील तर बसण्यापूर्वी ती कागदावर लिहून काढा. बसल्यावर मात्र पेन हातात घ्यायचं नाही, काहीही आठवलं तरी.

लोकलमध्ये नाम घ्या की, जरूर घ्या. पण ते घरच्या माळेत धरू नका. दादरला उतरायचंय हे भान ठेवावंच लागतं, तिथे पूर्ण लक्षाची अपेक्षाच चुकीची. रात्रपाळी, पाहुणे, आजारपण असेल त्या दिवशी 27 मण्यांची छोटी माळ घ्या. दीड-दोन मिनिटांत होते, आणि जमेल तसं दिवसभरात चार वेळा केली की 108 भरतात.