संत्र्याला ताण बसला, हे कसं ओळखायचं?

डिसेंबर लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बागांचं ओलित थांबतं. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्याचा, ताण सुरू होतो: फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी काही काळ तोडायचं. किती दिवस पाणी तोडायचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं: हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिने. पण पाणी तोडलं म्हणजे ताण बसलाच असं धरून चाललं, की बहार फसतो.

संत्रा मुळात इथला नाही. या गटातली फळं दक्षिण चीन नि ईशान्य भारताकडची, ओलाव्याला सरावलेली. आपल्या जंगलातले साग, पळस पानं टाकून कोरडे महिने काढतात. संत्रा सदाहरित आहे. त्याचं बरंचसं अन्न पानांतच साठलेलं असतं, ती सगळी टाकणं त्याला परवडत नाही. म्हणून तो आधी वाढ थांबवतो. मुळांना कोरड जाणवली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, पानांच्या खालच्या बाजूची रंध्रं मिटतात, नवी पालवी थांबते. पालवीवर खर्च झाली असती ती साखर नि पिष्ट फांद्यांत, मुळांत साठत जातं आणि डोळे (फांदीवरच्या फुटवा निघायच्या जागा) फुलाकडे वळतात. दुष्काळातून तगण्याची झाडाची ही स्वतःची रीत आहे, बहार धरताना आपण तिचाच उपयोग करतो.

थंडीनंही हेच घडतं. त्यामुळे आंबियाला नागपूरच्या थंड रात्रींची साथ मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या मृग बहाराला फक्त कोरडेपणाचा आधार, तोही मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना. तिथे झाडाला जास्त सोसावं लागतं, आणि मान्सूनपूर्व एक सर सगळं मोडून टाकते. पाण्याची खात्री असेल तर माझं मत आंबियाच्या बाजूनं आहे.

आता ओळखायचं कसं. दुपारी एक वाजता पान पन्हाळीसारखं वळलेलं दिसलं तर घाईनं निष्कर्ष काढू नका. उन्हात ते तसंही वळतं. सकाळी सहा-सातला जा. रात्रभरात मुळांना ओल मिळाली असेल तर पान पुन्हा सपाट, ताठ झालेलं असतं. पहाटेही ते वळलेलंच असेल, चकाकी जाऊन फिकट पडलं असेल, जुनी पानं झडून साधारण चौथाई पानगळ झाली असेल, तर ताण बसला. शेंड्याच्या कोवळ्या काड्या वाळायला लागल्या तर ताण जास्त झाला. हीच पुढे सल होते. तिथे दिवस मोजत बसू नका, पाणी सोडा.

काळ्या जमिनीत फसगत होते ती खालच्या ओलीमुळे. वरची भेग बघून जमीन वाळली असं वाटतं. झाडाच्या घेराखाली फूटभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होत असेल तर मुळं अजून पाणी पितायत. गळका ड्रिपर नाहीतर बांधापलीकडच्या गव्हाचं पाझरलेलं पाणी, एवढ्यानंही कडेच्या ओळीला बहार येत नाही.

ताण सोडण्याआधी सल काढा, कापताना दोनेक सेंटिमीटर हिरवा भाग सोबत घ्या. खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दुहेरी आळं करा (खोडाजवळ एक कोरडं, त्याबाहेर दुसरं पाण्याचं), म्हणजे पाणी खोडाला लागून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक पाझरण्याचा रोग, होणार नाही. मोठ्या झाडाला 40-50 किलो कुजलेलं शेणखत द्या. मग पहिलं पाणी अगदी हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं जरा जास्त, त्यानंतर नेहमीची पाळी. एकदम भरपूर पाणी दिलं की काळ्या मातीत हवा कोंडते, बारीक मुळं गुदमरतात आणि आलेली फुलंही गळतात.

जानेवारीत अवकाळी पाऊस झालाच तर दोन झाडांमधलं साचलेलं पाणी चरानं काढा, वाफसा येताच हलकी वखरणी करून वरची ओल उडवा. झाडाचे डोळे अजून मिटलेले असतील तर ताण पुढे चालू ठेवा. पण पांढरट कळी टोचून वर आलेली दिसली, तर पुन्हा ताण देऊ नका. त्याच आठवड्यात हलकं ओलित सुरू करा, नाहीतर निघालेली कळी वाळून जाईल.