मीटर बॅटरीचं माप घेतोय की वायरचं?

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ताम्हिणी घाटात माझी मोटरसायकल बंद पडली. पुण्याहून माणगावला आईबाबांकडे निघाले होते. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, पाऊस धरलेला, समोर धुकं. आधी हेडलाइट पिवळा पडला, मग मीटर कन्सोल एकदा विझून परत लागला, इंजिनानं दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं. फ्युएल इंजेक्शनची गाडी, किक नाही. बॅटरीत जीव नसला की पेट्रोलचा पंपच फिरत नाही, त्यामुळे उतारावर ढकलूनही काही झालं नाही. तासाभरानं भाजीचा रिकामा टेम्पो आला. त्यातल्या दोघा दादांनी गाडी वर चढवली आणि मला विळ्यापर्यंत आणून सोडलं.

त्याआधीच्या सहा महिन्यांत मी बॅटरी दोनदा बदलली होती. एका गॅरेजमध्ये दोन्ही वेळा तेच निदान झालं होतं: बॅटरी गेली. बाबा एसटीच्या डेपोत ऑटो इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सीट काढली, आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा) कनेक्टर ओढला आणि माझ्या हातात दिला. प्लास्टिक एका बाजूनं वितळलेलं, पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर. मॅग्नेट कॉइल वीज बनवत होती, रेग्युलेटर ठीक होता, पण त्या गंजलेल्या जोडातून बॅटरीपर्यंत निम्मंशिम्मंच पोचत होतं. हेडलाइट कायम चालू, पंप, इग्निशन, असा सात-आठ अँपिअरचा खर्च आणि जमा त्याहून कमी. ९ अँपिअर-अवरची बॅटरी घाटात संपणारच होती.

"तुला हे घाटाच्या आधी, पौडलाच कळलं असतं," बाबा म्हणाले. "जुन्या बुलेटला हेडलाइटच्या वर अँमीटर, म्हणजे करंट मोजणारा काटा, असायचा. काटा उणेकडे गेला की माणूस गाडी थांबवून बघायचा."

तसा अँमीटर बसवायचा तर बॅटरीत येणारा-जाणारा करंट त्यातून न्यावा लागतो, म्हणजे मूळची जाड वायर तोडायची. व्होल्टमीटर नुसता दोन टोकांना समांतर जोडला की झालं, काही तोडावं लागत नाही. म्हणून मी तो निवडला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत सव्वाशे रुपयांना छोटा, लाल आकड्यांचा मीटर मिळाला. निळा घेऊ नका. रात्री घाटात तो डोळ्यांत घुसतो.

पहिल्या रविवारी मी तो सोप्या रस्त्यानं जोडला. पार्किंग लाइटच्या वायरला लाल, शेजारच्या अर्थला काळी. किल्ली फिरवली की लागतो, बंद केली की विझतो. गाडी चालू करून ४००० आरपीएमला आकडा बघितला: १३.४ व्होल्ट. पोटात धस्स झालं, कारण तिथे १४ च्या आसपास हवं. नवं आरआर युनिट घ्यायला नाना पेठेत जायच्या तयारीत होते. त्याआधी बाबांना फोन केला.

"अगं, तू बॅटरीचं माप घेतेयस की वायरचं?"

मल्टीमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावला. १४.१.

मधला ०.७ व्होल्ट इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत, बारीक वायरीत आणि सगळ्यांनी मिळून वापरलेल्या अर्थमध्ये सांडत होता. मीटर खोटं बोलत नव्हता. मी जिथे जोडला होता तिथलं व्होल्टेज तो इमानानं सांगत होता. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. मीटर बसवून झाल्यावर 'चार्जिंग कमी दिसतंय' म्हणून चांगले सुटे भाग बदलणारे लोक मी पाहिलेत, आणि एका रविवारी मीही त्यांच्यातली झाले असते.

मग थेट बॅटरीलाच का लावू नये? लावता येतो, पण मग तो दिवसरात्र जळतो. माझा मीटर २० मिलिअँपिअर खातो. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. परीक्षांच्या दिवसांत माझी गाडी दोन-दोन आठवडे हलत नाही; तेवढ्यात बॅटरीचा बहुतेक जीव मीटरनंच खाल्ला असता.

उपाय तीन वायरींच्या मीटरमध्ये आहे. लाल वायर मीटरला वीज देते, काळी अर्थ, आणि तिसरी, पांढरी, फक्त मोजते. लाल मी होती तिथेच, किल्लीच्या लाइनवर ठेवली. पांढरी सरळ बॅटरीच्या धन टोकापासून आणली, काळी सरळ ऋण टोकापासून. पांढरीतून नाममात्र करंट जातो, त्यामुळे व्होल्टेज वाटेत सांडत नाही. किल्ली बंद असताना बॅटरी किती उतरते तेही मल्टीमीटरनं तपासलं. मायक्रोअँपिअरची गोष्ट आहे. पांढऱ्या वायरीवर बॅटरीपासून चार बोटांवर २ अँपिअरचा ब्लेड फ्यूज टाकला. फ्यूज मीटरजवळ लावून उपयोग नाही. वायर टाकीखाली घासून चेसीला लागली तर मधला सगळा भाग उघडाच राहतो.

बॅटरी सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. उलटं केलंत आणि पाना धन टोकावरून चेसीला टेकला तर ठिणगी पडते.

जोडांवरून आमच्या घरात वाद झाला. मला डाख देऊन वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवायची होती. बाबांचं म्हणणं, डाख संपतो तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमकी त्याच कडेला तुटते. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) नीट दाबून लावली की वर्षानुवर्षं हलत नाही. डेपोतल्या तीस वर्षांपुढे मी काय बोलणार? थिंबल लावल्या, वर हीट श्रिंक. वायर मूळच्या हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या, सोबतीनं टाकीखालून नेली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ढील सोडली.

पावसासाठी मीटरच्या पाठीमागे सिलिकॉन भरलं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांब्याला खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्या. मीटरच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, तो सिलिकॉन भरायच्या आधीच फिरवून आकडा मल्टीमीटरशी जुळवून घ्या. मी जुळवला, आता ०.१ चाही फरक नाही.

हल्ली मी आकडे असे वाचते. सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी नुकतीच थांबवली असेल तर त्या आकड्यावर विश्वास नाही, रात्रभर विसावल्यावरचाच खरा. स्टार्टर दाबताना क्षणभर साडेदहापर्यंत उतरतो, ते चालतं. साडेनऊच्या खाली जायला लागला तर बॅटरी थकली. चालताना १३.८ ते १४.४. सिग्नलला ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही चालू असताना १३ च्या जरा खाली येतो, गाडी हलली की परत चढतो. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर आवरत नाहीये. तेव्हा थांबायचं, बॅटरी उकळते.

गेल्या ऑगस्टमध्ये भूगावपर्यंत १४.१ होता. पिरंगुटला १३.५. पौड येईपर्यंत चालत्या गाडीवर १२.९, आणि इंडिकेटर नव्हता, ब्रेक नव्हता. पाऊस तसाच, वेळही तीच संध्याकाळची. एका टपरीच्या पत्र्याखाली गाडी घेतली आणि सीट काढली. तोच कनेक्टर. बाबांनी साफ करून परत बसवला होता, पण एक टर्मिनल पुन्हा तपकिरी झालं होतं, हाताला गरम लागत होतं. कानशीच्या तुकड्यानं घासलं, पकडीनं जरा आवळलं, परत लावलं. १४.०.

माणगावला पोचले तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आकडा विचारला, मग म्हणाले, "घासून भागायचं नाही. कनेक्टरच बदल, आणि जरा जाड घे." पुढच्या शनिवारी नाना पेठेतून रबरी सीलचा कनेक्टर आणला आणि सहाही थिंबल नव्यानं दाबल्या. तेव्हापासून आकडा १४.१ वर आहे.