कोच प्राइम: खरंच भारी की नुसताच बोलबच्चन?

अमेरिकन फुटबॉलमधला जुना स्टार आणि आताचा कॉलेज कोच डिऑन सँडर्स, याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एकीला तो देव वाटतो आणि दुसरीला नुसता बोलबच्चन. मी बरीच वर्षं दुसऱ्या पार्टीत. गॉगल काय, सोन्याच्या चेनी काय, स्वतःला 'प्राइम टाइम' म्हणवून घेणं काय!

खेळाडू म्हणून वादच नाही. दोन सुपर बोल (एनएफएल या प्रो लीगची फायनल) जिंकले, मधेच १९९२ ला बेसबॉलची वर्ल्ड सिरीज पण खेळला. पण ज्याला सगळं उपजतच जमतं तो दुसऱ्याला काय शिकवणार, असं मला वाटायचं.

२०२० मधे तो मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटचा कोच झाला. मूळची काळ्या मुलांसाठी काढलेली युनिव्हर्सिटी, पैसा बेताचा. तिथे तीन सीझनमधे २७ जिंकल्या, ६ हरल्या. मधेच रक्ताच्या गुठळ्यांमुळे पायाची दोन बोटं कापावी लागली तरी गडी स्कूटरवर बसून मैदानाच्या कडेला हजर. आणि २०२१ च्या डिसेंबरमधे ट्रॅव्हिस हंटर, देशातला एक नंबरचा रिक्रूट (शाळेतून कॉलेजात येणारा खेळाडू), फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवून याच्याकडे आला. फ्लोरिडा स्टेट म्हणजे डिऑनचं स्वतःचं कॉलेज बरं का!

मग तो कोलोराडो युनिव्हर्सिटीचा कोच झाला. आदल्या सीझनला १ जिंकलेली, ११ हरलेल्या. पहिल्याच मीटिंगमधे पोरांना तोंडावर सांगितलं की मी माझं सामान घेऊन येतोय, तुम्ही ट्रान्सफर पोर्टलचा (कॉलेज बदलायला नाव नोंदवायची यादी) रस्ता धरा. आणि खरंच जवळपास सगळी टीम बदलली. ते मला अजून पटलेलं नाही, ज्या पोरांनी त्या ११ हारी सोसल्या त्यांना निदान एक स्प्रिंगचा सराव तरी नीट द्यायचा ना.

पण २ सप्टेंबर २०२३ ची टीसीयूशी (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) मॅच बघितली आणि गप्प बसलो. टीसीयू आदल्या सीझनची फायनलिस्ट, मॅच त्यांच्याच घरी, टेक्सासच्या उन्हात. डिऑनच्या मागोमाग कोलोराडोला आलेला हंटर रिसिव्हर (पास झेलणारा) म्हणून ११ कॅच घेतो, ११९ यार्ड काढतो, आणि अटॅक संपला की बाकीचे बेंचवर पाणी पीत बसतात तेव्हा हा कॉर्नरबॅक (समोरच्या रिसिव्हरला अडवणारा) म्हणून परत मैदानात. टीसीयू स्कोअर करायच्या बेतात असताना झेप टाकून बॉल पळवला त्याने!! शंभराच्या वर स्नॅप (एकेक चाल) खेळला पोरगा. कोलोराडो ४५-४२ ने जिंकली.

दुसऱ्या कुठल्याही कोचने सांगितलं असतं, बाबा एक जागा निवड, नाहीतर मोडशील. डिऑनला ते म्हणताच येत नव्हतं कारण १९९६ ला एनएफएलच्या डॅलस टीमकडून त्याने स्वतः हेच केलं होतं, कॉर्नर सांभाळून ३६ कॅच घेतले होते. प्लेबुक, डावपेच वगैरे ठीक आहे, त्यात त्याच्यापेक्षा हुशार खूप असतील, पण हे होऊ शकतं हे त्याला अंगाने माहीत होतं.

तो सीझन शेवटी ४-८ वर (४ जिंकल्या, ८ हरल्या) आपटला हेही खरं. पण २०२४ ला ९-४, हंटरला हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार). मग हंटर आणि डिऑनचा मुलगा शेदूर दोघंही एनएफएलला गेले, त्याच उन्हाळ्यात डिऑनचं मूत्राशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं बाहेर आलं, आणि २०२५ चा सीझन ३-९.

माझ्या जुन्या पार्टीतल्या मित्राने लगेच मेसेज टाकला, 'बघ, सांगत होतो ना'. मी काही वाद घातला नाही, हंटरने टीसीयूचा बॉल पळवलेली ती क्लिप पाठवली फक्त.