तुम्ही विचारलंत म्हणून: पास्कलच्या यंत्रात एवढं काय होतं?

“नुसती बेरीज करणारं यंत्र, त्यात एवढं काय? आणि भारी होतं, तर खपलं का नाही?” सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याच्या बेरीज-यंत्राचा विषय निघाला की हे दोन्ही प्रश्न मला एका दमात विचारले जातात.

बेरीज सोपीच आहे हो, छळतो तो हातचा. ९९,९९९ मध्ये १ मिळवा. साध्या दातेरी चाकांत पहिल्या चाकाला एकट्याने पुढची पाच चाकं ढकलावी लागतात, आणि यंत्र अडकतं. पास्कलने दर दोन चाकांमध्ये वजनदार खटका बसवला. चाक नऊकडे जाताना त्याच्या खुंट्या खटका उचलत नेतात; नऊचं शून्य होताच तो आपल्या वजनाने पडतो आणि पुढचं चाक एक घर सरकवतो. यंत्र मात्र सपाट ठेवायचं, कारण धक्का बसला तर खटका अवेळी पडतो. चाकं उलटी फिरत नाहीत, म्हणून वजाबाकीही पूरक संख्येने, म्हणजे प्रत्येक अंक नवातून वजा करून येणाऱ्या संख्येने. ५३२ मधून २१७ काढायचे, तर ५३२ चा पूरक ४६७. त्यात २१७ मिळवून ६८४. त्याचा पूरक ३१५.

त्यात पास्कलचे वडील फ्रान्समधल्या रुआँ शहरात करवसुलीवर. तिथल्या चलनात एका लिव्रचे २० सोल, एका सोलचे १२ दनिए. आपल्या रुपये-आणे-पैसारखंच त्रांगडं. म्हणून उजवीकडची दोन चाकं १२ आणि २० घरांची, आणि त्यांचे पूरकही ११ आणि १९ वरून. करून पाहा, मग “नुसती बेरीज” म्हणा.

खपलं का नाही, याला पूर्वी मी एका शब्दात उत्तर द्यायचो: महाग. आता तेवढ्यावर भागत नाही. रुआँच्या एका घड्याळजीने ऐकीव माहितीवरून तसंच यंत्र केलं. बाहेरून गुळगुळीत, घासूनपुसून चकचकीत, आत निरुपयोगी. ते पाहून पास्कल इतका खचला, की त्याने सगळे कारागीर काढून टाकले. लोक नकलेवरून अस्सल यंत्राची परीक्षा करतील, ही भीती मला पटते. पण सिद्धांताविना कारागीर चाचपडतो, हा यंत्राबद्दल पास्कलने काढलेल्या १६४५ च्या पत्रकातला तोरा नाही पटत. पन्नासहून जास्त नमुने घडले, ते कारागिरांच्याच हातून ना? शेवटी फ्रान्सचा चान्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, सेग्ये याने धीर दिला आणि १६४९ मध्ये राजाची सनद मिळाली: परवानगीशिवाय असं यंत्र कुणी करायचं नाही. तरी यंत्रं झाली ती वीसेकच.

उलट, छपाईचे परवाने ज्याच्या हाती होते त्याच सेग्येला चुकवून पास्कलने १६५६-५७ मध्ये जेझुइट पाद्र्यांवर टीका करणारी निनावी ‘प्रोव्हिन्शियल पत्रं’ छापली, ती हातोहात गेली. सनद असलेलं पडून आणि परवाना नसलेलं घरोघर, याचा खुलासा कुणाकडे असेल तर सांगा. “महाग” एवढंच म्हणू नका.